आवंढा गिळणारी माणसं

धाकटीने आपल्या भावाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तिने चाळिशी ओलांडलेली होती. तसा तो तिचा सख्खा थोरला भाऊ, जन्मापासून डोळ्यांसमोर असलेला. पण डोळ्यांसमोर असलेल्या माणसाकडे आपण कुठे पाहतो? नवरा गेल्यावर ती त्याच्या घरी राहायला आली, आणि थोड्याच दिवसांत एकदा जेवताना तिच्या लक्षात आलं की दादा आपल्या तोंडाकडे बघत नाहीये, गळ्याकडे बघतोय.

"भाजी कशी झालीय?" त्याने विचारलं.

"छान झालीय."

"आवंढा गिळलास."

"घास गिळला, दादा. जेवतेय ना मी."

"घास वेगळा, आवंढा वेगळा. घास गिळताना माणूस ताटात बघतो. तू वहिनीकडे बघितलंस. तुला भाजी आवडलेली नाही."

त्यानंतर वहिनीने कित्येक दिवस ती भाजी केलीच नाही. धाकटीला ती मनापासून आवडली होती. पण हे सांगायचं कसं? सांगताना पुन्हा गळा हलणार. मग एकदा कपडे शिवताना तिच्या ध्यानात आलं की वहिनी वर्षानुवर्षं बंद गळ्याचेच ब्लाऊज शिवून घेते, तेही कॉलर लावून, अगदी भर उन्हाळ्यात. ती आजवर समजत होती की वहिनीला ती फॅशन आवडते.

दादा लायसन्सच्या ऑफिसात परीक्षक होता. गाडी शिकलेली माणसं परवाना मागायला यायची, आणि हा हातात पॅड घेऊन त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचा. त्याने उजवीकडे म्हटलं की त्यांनी उजवीकडे वळायचं, थांबा म्हटलं की थांबायचं, आणि मग तो पास की नापास ते सांगायचा. सगळी नोकरी त्याने त्या एका सीटवर काढली. एवढ्या वर्षांत त्याच्या शेजारी बसलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस घामाघूम झालेलं असायचं. ओठ चावायचं, पायपुसण्यावर टाच घासायचं, आवंढे गिळायचं. यावरून दादाने असं अनुमान काढलं होतं की जगात खरी माणसं फार थोडी आहेत.

"काहीतरी लपवतायत सगळे," तो घरी येऊन सांगायचा. "आज एक बस चालवणारा आला होता. म्हणे उभा जन्म बस चालवलीय. मग ओठ का चावत होतास? नापास केला."

"पण गाडी नीट चालवली ना त्याने?" धाकटी विचारायची.

"गाडी काय, कोणीही चालवेल."

दुष्ट मात्र तो नव्हता, हे आधीच सांगायला हवं. धाकटीचा नवरा गेला तेव्हा एक भाड्याचा टेम्पो स्वतः चालवत तो तिच्या दारात आला होता. एकही प्रश्न न विचारता त्याने तिचं शिलाई मशीन पोटाशी धरून जिन्यावरून खाली आणलं, आणि घरातली उजेडाची खोली तिला दिली. त्या दिवशी त्याने तिच्या गळ्याकडे पाहिलं असतं तर त्याला पुष्कळ दिसलं असतं. पण सगळा रस्ता तो समोरच बघत राहिला. धाकटी हे विसरली नव्हती, आणि म्हणूनच पुढचं सगळं अवघड झालं.

दादाची दुसरी गादी म्हणजे पत्त्यांचा अड्डा. रंगाच्या दुकानावर एक खोली होती. खाली रंगवाल्याचं दुकान, त्याला लागून धाकटीने पुढे थाटलेलं शिवणकामाचं दुकान, आणि वर टर्पेंटाइनच्या वासात दर रविवारी दुपारी पोकर. दादा, रंगवाला आणि दंतवैद्य हे तिघं कायमचे. चौथा मिळेल तो. पैसे लावायचे नाहीत असं दंतवैद्याच्या बायकोने ठरवून टाकलेलं असल्यामुळे धाकटीच्या दुकानातली सुटी बटणं लावायची. शर्टाची बटणं म्हणजे चिल्लर, कोटाची म्हणजे मोठी रक्कम, आणि पितळी बटण पुढे सरकलं की खोलीत बोलणं थांबायचं.

खेळ तसा समजायला सोपा. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, ती ज्याची त्यालाच माहीत. मध्ये टेबलावर पाच पानं उघडी, ती सगळ्यांची. दोन्ही मिळून ज्याचा मेळ भारी, तो जिंकला. पण गंमत अशी की हातात काही नसतानाही ढीगभर बटणं पुढे सरकवून बाकीच्यांना पळवून लावता येतं. याला थाप म्हणायचं. ज्याला धीर धरवत नाही तो आपली पानं पालथी टाकून देतो, आणि बटणं जातात थापाड्याच्या घरी.

थाप ओळखण्यात दादाचा हात धरणारा कोणी नव्हता, निदान त्याच्या मते. अड्ड्यावर त्याला एक्सरे म्हणत आणि त्याला ते आवडायचं. त्याचं शास्त्र असं, की तोंड खोटं बोलायला शिकलेलं असतं, कारण लहानपणापासून आपण त्यालाच शिकवत आलेलो असतो. हातांनाही थोडंफार वळण लावतो. गळ्याला आणि पायांना मात्र कोणी काही शिकवत नाही, त्यामुळे ते खरं बोलून जातात. पाय बघता यावेत म्हणून तो मुद्दाम एखादं बटण खाली पाडायचा, टेबलाखाली वाकून सगळ्यांची पाहणी करून यायचा, आणि लालबुंद चेहऱ्याने वर येऊन जाहीर करायचा, "डॉक्टर, पाय हलतोय. थाप आहे." दंतवैद्याच्या पायाला मुंग्या आलेल्या असायच्या. पण तो निमूटपणे पानं पालथी घालायचा आणि म्हणायचा, "तुमच्यापुढे काही चालत नाही, एक्सरे."

टाकलेली पानं उलटून बघायची नाहीत, हा नियम दादानेच केला होता. त्याचं म्हणणं, हरलेल्याची आणखी शोभा कशाला? त्यामुळे झालं असं, की समोरच्याने पानं टाकली म्हणजे ती थापच होती, असं तो धरून चालला, आणि त्याचं शास्त्र दर रविवारी सिद्ध होत गेलं.

त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, अशी त्याची खात्री होती. चेहऱ्यावर खरंच नसायचं. पण हातात भारी पानं आली की दादा एकदम मायाळू व्हायचा. एरवी कोणाची चौकशी न करणारा हा माणूस मऊ आवाजात विचारायचा, "डॉक्टर, वहिनींचा गुडघा कसा आहे आता?" आणि गुडघ्याचं नाव निघताच बाकीचे पानं टाकून मोकळे व्हायचे. डॉक्टरच्या बायकोचा गुडघा कधीच बरा झाला होता.

आता लिफ्टवाल्याबद्दल. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, लग्न राहून गेलेला, कमी बोलणारा माणूस. कामाच्या डगल्याचा फाटलेला खिसा शिवून घ्यायला तो धाकटीच्या दुकानात आला. काही दिवसांनी तोच खिसा पुन्हा फाटला. मग पुन्हा. धाकटीने तो कापड दुमडून, दुहेरी टाका घालून असा शिवला की त्यात हातोडी ठेवली तरी चाललं असतं, आणि तरीही तो फाटून आला, सरळ रेषेत, पान्याने उसवल्यासारखा. तिने वर बघितलं. लिफ्टवाला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"खिसा राहू द्या," ती म्हणाली. "चहा घ्याल का?"

या माणसाशी तिला लग्न करायचं होतं. कोणाची परवानगी लागावी असं तिचं वय नव्हतं, पण ज्याने आपलं मशीन पोटाशी धरून या घरात आणलं, त्याने मनापासून हो म्हटल्याशिवाय या घरातून निघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिने दादाला सांगितलं, फाटक्या खिशापासून सगळं. दादाने तिच्या गळ्याकडे जरा वेळ बघितलं.

"तू खरं बोलतेयस," तो म्हणाला. "पण तो?"

"तोही."

"ते मी बघतो. रविवारी त्याला पत्त्याला पाठव. दोन-चार डावांत माणूस कळतो मला. थापाड्या असला तर माझं नाही म्हणजे नाही. मग तुझं तू बघ, पण मला लग्नाला बोलावू नकोस."

रविवारी दादाबरोबर पत्ते खेळायला यायचंय, एवढंच धाकटीने लिफ्टवाल्याला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"साहेब मला ओळखत नसतील," तो म्हणाला, "पण मी त्यांच्या शेजारी बसलोय. तीनदा. तिसऱ्या वेळी तर किल्ली फिरवायच्या आधीच नापास."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?"

"घाबरू नका. नेहमी बसता तसे बसा."

"नेहमी मी लिफ्टच्या डोक्यावर बसतो."

दादाने पणाला काय लावलंय, हे तिने त्याला सांगितलं नाही. आधीच अर्धा झालेला माणूस, उरलेला अर्धा कशाला घालवा? घरी वहिनीने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हटलं, "जमलं तर मफलर गुंडाळून ये म्हणावं."

रविवारी लिफ्टवाला खरोखरच मफलर गुंडाळून आला. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं.

"गळ्याला काय झालं?" दादाने विचारलं.

"सर्दी, साहेब."

"काढा. उकडतंय. आरामात बसा." सीटबेल्ट लावा म्हणतात त्याच आवाजात दादा आरामात बसा म्हणाला. लिफ्टवाल्याने मफलर काढला, आणि त्याच्या गळ्याची घाटी वरच्या मजल्यावर जाऊन तळमजल्याला आली.

बटणांची बरणी घेऊन धाकटी वर आली ती दाराजवळच्या स्टुलावर बसून राहिली. तिला कोणी जा म्हटलं नाही. पहिले काही डाव लिफ्टवाला आपली पानं निमूट टाकत गेला. दादा नुसता बघत होता. एकदा बटण पाडून पायही बघून आला.

मग तो डाव आला. टेबलावर उघडी पानं होती सत्ती, नव्वी, राणी, आणखी एक राणी आणि दुरी. दादाने आपल्या हातातली पानं पाहिली, ती टेबलावर अलगद ठेवली आणि मऊ आवाजात विचारलं, "डॉक्टर, वहिनींचा गुडघा कसा आहे आता?"

"झकास!" दंतवैद्याने पानं टाकली. पाठोपाठ रंगवाल्यानेही टाकली.

लिफ्टवाल्याला गुडघ्याची भाषा कोणी शिकवलेली नव्हती. त्याने आपली पानं पुन्हा एकदा बघितली. हात असा कापायला लागला की पुढे सरकवलेल्या बटणांचा मनोरा कोसळला. मानेवरची शीर उडताना धाकटीला स्टुलावरून दिसत होती. दादा समाधानाने मागे रेलला. त्याने दोन पितळी बटणं पुढे केली.

"बघा," तो वर्गात फळ्याकडे बोट दाखवावं तसं सगळ्यांना दाखवत म्हणाला, "हात कापतोय. शीर उडतेय. श्वास धरून ठेवलाय. आणि हा गेला आवंढा. अहो लिफ्टवाले, तुमच्याकडे काहीही नाही. बोला, आहे का?"

लिफ्टवाल्याने दादाकडे बघितलं, दाराजवळच्या धाकटीकडे बघितलं, आणि आपली दोन्ही पानं टेबलावर पालथी घातली.

"हरलो, साहेब."

"थाप!" दादाने टेबलावर थाप मारली. "धाकटे, बघितलंस? काही नसताना एवढी बटणं पुढे करतो हा माणूस. उद्या घरात काय करेल? माझं उत्तर मिळालं. नाही."

लिफ्टवाला गोंधळून म्हणाला, "कशाचं उत्तर?"

धाकटी उठली. टेबलापाशी आली. जन्मात तिने भावाचा कुठलाही नियम मोडला नव्हता, अगदी आंघोळीच्या पाण्याच्या पाळीचासुद्धा. तिने लिफ्टवाल्याची पालथी पानं उचलली आणि उलटी करून टेबलावर ठेवली.

राणी. आणि राणी.

टेबलावरच्या दोन धरून चार राण्या. दादाकडे टेबलावरची धरून तीन नव्व्या आणि त्याच टेबलावरच्या दोन राण्या होत्या. मेळ भारी होता, पण चार राण्यांपुढे काहीच नव्हता.

दादाने राण्या दोनदा मोजल्या.

"टाकलेली पानं बघायची नाहीत," दादा म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

"दादा, हा थाप पकडली जाईल म्हणून घाबरला नव्हता. जिंकेन म्हणून घाबरला होता. होणाऱ्या मेहुण्याला पहिल्याच दिवशी कसं हरवायचं म्हणून हात कापत होता त्याचा."

"चार राण्या असताना हरलो म्हणणं ही पण थापच," दादाने शास्त्र सावरून बघितलं. "उलटी थाप. ही तर जास्त..."

तो मध्येच थांबला. त्याची नजर टेबलाच्या कडेला पडलेल्या बाकीच्या पालथ्या पानांवर गेली होती. नियम मोडलाच होता. त्याने रंगवाल्याची पानं उलटली.

दोन एक्के.

"एक्के टाकलेस?" दादाने विचारलं. "दोन एक्के कोण टाकतं?"

रंगवाला खिडकीकडे बघायला लागला. "पोरीची टेस्ट आहे हो मंगळवारी."

"आणि आजवर?"

"आजवर थोरल्याची होती. मग बायकोची. मग पुन्हा थोरल्याची, तुम्ही नापास केलात ना त्याला."

"डॉक्टर?"

"मला विचारू नका," दंतवैद्य घाईघाईने म्हणाला. "जावई पुढच्या महिन्यात येतोय तुमच्याकडे."

लिफ्टवाला तेवढ्यात सगळी बटणं आकाराप्रमाणे वेगळी करायला लागला होता. घाबरला की त्याच्या हातांना काहीतरी काम लागायचं.

सगळे पांगल्यावर दादा खाली धाकटीच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. धाकटी मशीनवर झाकण घालत होती.

"मला सगळे घाबरतात का गं?"

"हो."

"तूसुद्धा?"

"त्या भाजीबद्दल तुला खरं सांगायचं धाडस मला आजवर झालं नाही, विचार वहिनीला."

"म्हणजे ती भाजी..."

"आवडली होती रे दादा."

त्याने समोर लटकलेल्या, बाह्या नसलेल्या कोटाकडे नजर वळवली. आयुष्यभर ज्या खुणा तो वाचत आला, त्या सगळ्या एकाच माणसाबद्दल होत्या आणि तो माणूस आपणच, हे कोणाच्याही पचनी एका दुपारी पडत नाही. त्याच्याही पडलं नसावं. पण त्याने विचारलं ते वेगळंच.

"चार राण्या त्याने माझ्यासाठी टाकल्या?"

"माझ्यासाठी टाकल्या. तुझ्याशी वाकडं येऊ नये म्हणून."

"मूर्ख आहे."

"आहे."

"तुझ्याशिवाय खिसे कोणाकडून शिवून घेणार तो, फुकट?" दादा उठला आणि दारापाशी जाऊन, तिच्याकडे न बघता म्हणाला, "कर लग्न. मी येतो. वहिनीलाही आणतो."

लग्न नोंदणी कचेरीत झालं. दादा नवा शर्ट घालून आला आणि साक्षीदाराच्या खुर्चीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसला. लिफ्टवाल्याने त्याला नमस्कार केला तेव्हा दोघंही जमिनीकडे बघत होते.

ऑफिसात मात्र जरा गडबड झाली. दादा परीक्षेला बसलेल्यांकडे न बघता खिडकीबाहेर रस्त्याकडे बघायला लागला, आणि माणसं भराभर पास व्हायला लागली. एवढे लोक पास कसे होतात, अशी वरून लेखी विचारणा झाली. दादाने उत्तर लिहिलं की ते गाडी चालवू शकतात. हे उत्तर समाधानकारक नाही असा शेरा मारून ते परत आलं. पुन्हा विचारणा, पुन्हा तेच उत्तर, असं निवृत्तीपर्यंत चाललं. लिफ्टवाला चौथ्यांदा परीक्षेला बसला तो दुसऱ्या परीक्षकाकडे, आणि चढावर गाडी मागे घेताना खरोखरच नापास झाला. त्याने अजून लायसन्स काढलेलं नाही. दोघं सगळीकडे चालत जातात.

वहिनीने दोन नवे ब्लाऊज शिवून घेतले, गोल गळ्याचे.

दादा निवृत्त झाला, त्याला आता बरेच दिवस झाले. कोणाच्या मुलाची टेस्ट आता त्याच्याकडे नसते. रविवारी दुपारी तो कठड्याला धरून हळूहळू रंगाच्या दुकानावरचा जिना चढतो, पत्ते खेळतो, आणि बहुतेक डाव हरतो.